सात हँडब्रेक

नागपूरच्या इतवारीत मस्कासाथच्या बाजूला धान्याची पोती लादलेला हातठेला उभा करायचा असला, की हमाल आधी चाकाखाली वीट सरकवतो. रस्त्याचा उतार नावापुरता असतो, डोळ्यांना दिसतही नाही. वीट बसली की तो दांडी सोडतो आणि ठेल्याला पुढून एक, मागून एक धक्का देऊन पाहतो. ठेला हलला नाही तरच चहाला जातो. दांडी एका हाताने धरून कुणी धक्का देत नाही. तसं केलं तर ठेला विटेने धरलाय की हाताने, हे कळायला मार्गच उरत नाही.

खालची हकीकत या विटेची आहे. ती घडली कॅनडाच्या क्वेबेक प्रांतात, लाक-मेगांतिक या तलावाकाठच्या गावात. वस्ती सुमारे 6,000. तलावाचंही नाव तेच, आणि त्यातून शोदिएर नदी निघते. रेल्वेचे रूळ गावाच्या मधून जातात, दुकानांचा मुख्य रस्ता त्यांना ओलांडतो. इतवारीत वाढलेल्या माणसाला हे चित्र समजावून सांगावं लागत नाही. आमच्याकडेही स्टेशन, गोदामं, दुकानं आणि घरं एकमेकांना खेटून आहेत, आणि रात्री शंटिंगचा आवाज आला नाही तरच जाग येते.

उन्हाळ्यात नागपूरचं घड्याळ तिथल्यापेक्षा साडेनऊ तास पुढे असतं. म्हणून काही ठिकाणी दोन्ही वेळा दिल्या आहेत. त्या रात्री तिथे जे चाललं होतं, त्या वेळी इथे शनिवारची सकाळ होती.

ऑक्टोबर 2012. मॉन्ट्रियल, मेन अँड अटलांटिक रेल्वे, म्हणजे एमएमए, या छोट्या कंपनीचं 5017 क्रमांकाचं डिझेल इंजिन बिघडून दुरुस्तीला जातं. रीतसर दुरुस्तीला वेळ आणि पैसा दोन्ही लागणार, आणि इंजिन लवकर रुळावर हवं. तुटलेल्या जागी इपॉक्सीसारखा एक चिकट पदार्थ भरतात. तेवढी उष्णता आणि दाब पेलण्याची ताकद त्यात नाही. इंजिन पुन्हा कामाला लागतं.

याच वर्षी कंपनीने गाडीवर दोनऐवजी एकच माणूस ठेवायला सुरुवात केलेली आहे. सरकारी परवानगीने.

5 जुलै 2013, शुक्रवार, दुपारी 1:55. फार्नहॅमहून मालगाडी सुटते. पाच इंजिनं, पुढचं 5017. त्यामागे रिमोट कंट्रोलची यंत्रणा असलेला एक डबा, मग एक मालडबा, आणि मग 72 टाक्या. लांबी 1,433 मीटर, वजन दहा हजार टनांच्या वर. टाक्यांत एकूण 77 लाख लिटर कच्चं तेल. म्हणजे एकेका टाकीत एक लाख लिटरहून जास्त. आपल्या पंपावर येणारे 20,000 लिटरचे पाच टँकर एका टाकीत रिते होतील, एवढं.

तेल अमेरिकेतल्या नॉर्थ डकोटाच्या बाकेन भागातलं. जायचंय पूर्व किनाऱ्यावर, सेंट जॉनच्या रिफायनरीत. बाकेनचं तेल आपल्या मनातल्या कच्च्या तेलासारखं दाट, डांबरी नसतं. ते पातळ असतं, आणि पेट घेण्याच्या बाबतीत पेट्रोलच्या जवळ जातं. कागदपत्रांत मात्र ते कमी धोक्याच्या गटात दाखवलेलं आहे. टाक्या 111 या जुन्या वर्गातल्या आहेत: पत्रा पातळ, बाहेरून जादा आवरण नाही, तोंडाला ढाल नाही.

इथे थोडं थांबून एक सांगायला हवं. 2009 साली कॅनडात वर्षभरात कच्च्या तेलाच्या सुमारे 500 टाक्या रेल्वेने गेल्या होत्या. 2013 साली 1,60,000. चार वर्षांत रूळ तेच राहिले, गावं तीच राहिली, त्यांतून जाणारा माल बदलला. गावातल्या लोकांना तो कुणी विचारून बदलला नव्हता.

आपल्याकडे कच्चं तेल मुख्यतः पाइपलाइनने जातं. रेल्वेने जातं ते बहुतेक तयार पेट्रोल, डिझेल, नाफ्था. ते कमी पेटतं असं नाही. 13 जुलै 2025 च्या पहाटे तमिळनाडूत तिरुवळ्ळूरजवळ डिझेलच्या मालगाडीचे डबे घसरून पेटले, तेव्हा धुराचा खांब कित्येक किलोमीटरवरून दिसत होता.

5 जुलै, संध्याकाळ. वाटेत 5017 नीट चालत नाही. मध्येच जोर धरतं, मध्येच मंदावतं. चालक एकटा आहे. गाडी पुढे जात राहते.

रात्री 10:50 (इतवारीत सकाळचे 8:20). नांत स्टेशन. चालकाची पाळी इथे संपते. पुढचा चालक सकाळी येणार. तोवर गाडी रात्रभर इथे, माणसाशिवाय, उभी राहील. हे रोजचंच आहे.

नांतला मेन लाइनच्या शेजारी एक साइडिंग आहे. साइडिंगवर डीरेल बसवलेला आहे. डबे आपोआप सरकू लागले तर त्यांना तिथल्या तिथे रुळावरून उतरवणारा लोखंडी ठोकळा. आपल्याकडे कसारा आणि बोरघाटात कॅच साइडिंग असतात, त्यांच्यामागचा विचार हाच: गाडी निसटली तर तिला गावापर्यंत जाऊ द्यायचं नाही. पण नांतची साइडिंग कंपनी डबे साठवायला वापरते. तेलाची गाडी मेन लाइनवर उभी राहते. मेन लाइनवर डीरेल नाही.

नांतपासून लाक-मेगांतिक 11.6 किलोमीटर. संपूर्ण वाट उताराची, सरासरी 1.2 टक्के. रेल्वेच्या भाषेत 83 ला 1. कसारा घाट 37 ला 1 आहे, त्याच्याशी तुलना केली तर हा उतार सौम्य वाटेल. दहा हजार टनांना तो पुरतो. गाव नांतपेक्षा शंभर मीटरहून अधिक खाली आहे.

रात्री 11 च्या आसपास. चालक हँडब्रेक लावतो. हँडब्रेक म्हणजे डब्याच्या बाजूला असलेलं लोखंडी चाक. ते हाताने आवळत न्यायचं, साखळी ताणली जाते, ब्रेकचा ठोकळा चाकाला घट्ट चिकटतो. जोर लागतो, आणि एका डब्याकडून दुसऱ्याकडे गिट्टीवरून अंधारात चालत जावं लागतं. चालक पाच इंजिनांचे पाच, रिमोटच्या डब्याचा एक आणि मालडब्याचा एक हँडब्रेक लावतो. सात.

72 टाक्यांपैकी एकाही टाकीचा हँडब्रेक लावलेला नाही.

कंपनीच्या नियमाप्रमाणे एवढ्या लांबीच्या गाडीला निदान नऊ लावायला हवे होते. पुढे चौकशीत प्रयोग करून पाहिलं, तेव्हा ही गाडी त्या उतारावर नुसत्या हँडब्रेकवर धरून ठेवायला किमान 17, कदाचित 26 लागले असते असं निघालं.

मग चाचणी. लावलेले हँडब्रेक पुरेसे आहेत का, हे पाहण्यासाठी चालक इंजिनाचा जोर लावून गाडी हलते का ते बघतो. गाडी हलत नाही. पण या चाचणीच्या वेळी इंजिनांचे हवेचे ब्रेक लागलेलेच आहेत. नियम असा की ते आधी सोडायचे. हमालाने दांडी धरून ठेल्याला धक्का दिला, तसं हे झालं. गाडी हँडब्रेकने धरली नव्हती. हवेने धरली होती, आणि हवा 5017 च्या चालू इंजिनातून येत होती.

मागची चार इंजिनं बंद करून 5017 एकटं चालू ठेवतात. गाडी बांधली, असं चालक फार्नहॅमच्या कंट्रोलला सांगतो.

त्यानंतर तो दुसऱ्या कंट्रोलशी बोलतो, अमेरिकेतल्या बँगरच्या. पुढच्या पट्ट्याचं काम ते बघतात. इंजिन दिवसभर त्रास देतंय, आता काळा-पांढरा धूर जास्त येतोय, हे तो सांगतो. थोड्या वेळाने धूर आपोआप कमी होईल, असं दोघांनाही वाटतं. सकाळी बघू, असं ठरतं.

सकाळी बघू. हे शब्द मी इतवारीत रोज ऐकतो, स्वतःही म्हणतो. दहातल्या नऊ वेळा सकाळी बघितलं जातं आणि काही बिघडलेलं नसतं.

टॅक्सी येते. टॅक्सीच्या काचेवर इंजिनातून उडालेल्या तेलाचे थेंब पडतात. टॅक्सीवाला ते चालकाला दाखवतो. चालक म्हणतो, कंपनीला सांगितलं आहे. टॅक्सी त्याला लाक-मेगांतिकच्या हॉटेलवर सोडते. गाव छान गजबजलेलं आहे, शुक्रवारची रात्र, उन्हाळा. रुळांपासून काही पावलांवरच्या म्यूझी-काफे या बारमध्ये गाणी चालू आहेत.

मला या संपूर्ण रात्रीत तो टॅक्सीवाला फार आठवत राहतो. रेल्वेशी त्याचा काही संबंध नव्हता. नियम माहीत नव्हते, इंजिनाचं काही कळत नव्हतं. त्याने फक्त काच बघितली आणि बोलून दाखवलं. त्या रात्रीची सगळ्यात साधी खूण त्याने ओळखली होती. पण त्याचं ऐकून काही करण्याची सोय कुठल्याही वहीत नव्हती.

रात्री 11:40 (इतवारीत 9:10). नांतमधून कुणीतरी 911 या आपत्कालीन क्रमांकावर फोन करतं. उभ्या गाडीला आग लागली आहे. चिकट पदार्थाची ती दुरुस्ती इंजिनाच्या आत तुटलेली आहे, तेल टर्बोचार्जरमध्ये साचून तापलं आणि पेटलं.

रात्री 11:50. नांतचे अग्निशमन जवान गाडीपाशी. फार्नहॅमच्या कंट्रोलला आगीची खबर मिळते. जवान इंजिनाचा इंधनपुरवठा तोडणारं आपत्कालीन बटण दाबतात. 5017 बंद पडतं. आग विझवतात. मग, रेल्वेनेच शिकवल्याप्रमाणे, कॅबमधले विजेचे ब्रेकर खाली करतात. त्यांनी एकही चूक केली नाही. इंजिनाची आग विझवायची ती अशीच.

वीज गेल्यावर गाडीचे सगळे ब्रेक आपोआप लागावेत, अशी एक सुरक्षा यंत्रणा इंजिनात असते. 5017 मध्ये तिचं वायरिंग तसं नव्हतं. ब्रेक लागले नाहीत.

कंपनी आपला एक माणूस पाठवते. तो रुळांच्या देखभालीचा फोरमन आहे. इंजिन चालवण्याचं त्याला ज्ञान नाही. तो, जवान आणि फार्नहॅमचा कंट्रोलर फोनवर बोलतात. आग विझली. इंजिन बंद आहे. सगळं ठीक.

कंट्रोलर हॉटेलात चालकाला फोन करतो, आगीचं सांगतो. दुसरं एखादं इंजिन सुरू करायला मी जाऊ का, असं चालक विचारतो. गरज नाही, असं ठरतं. सकाळी लवकर उठायचं आहे.

हा प्रश्न त्याने विचारला होता, हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा पान बाजूला ठेवावं लागलं. दुसरं इंजिन सुरू झालं असतं तर हवा भरत राहिली असती. पंधरा मिनिटांची टॅक्सी आणि एक बटण.

मध्यरात्रीनंतर, सव्वाबाराच्या सुमारास (इतवारीत पावणेदहा). जवान निघून जातात. फोरमन निघून जातो. गाडीपाशी कुणी नाही. पाचही इंजिनं बंद. कॉम्प्रेसर बंद. ब्रेकमधली हवा हळूहळू गळू लागते. यात बिघाड काही नाही. हवेचे ब्रेक गळतातच, म्हणून तर इंजिन चालू ठेवायचं असतं.

इतवारीत या वेळी शटर वर जातात. किराणा ओळीत दुकानदार उंबऱ्यावर पाणी शिंपडतो, पहिला ट्रक मागे घेताना गल्लीत वाट अडते, हमाल डोक्यावर ओलं फडकं बांधतात.

12:30. हवा कमी होते आहे.

12:45. हवा कमी होते आहे. म्यूझी-काफेत गर्दी आहे. काहीजण सिगारेट ओढायला बाहेर गच्चीवर गेले आहेत.

1 वाजण्याच्या थोडं आधी. उरलेली हवा आणि सात हँडब्रेक मिळून गाडीला पुरेनासे होतात. गाडी सरकते. कॅब रिकामी आहे, दिवे बंद आहेत, भोंगा वाजवायला कुणी नाही. पहिल्या काही मीटरवर ती माणसाच्या चालीने जात असणार. त्या क्षणी एखाद्याने दोन-चार टाक्यांचे हँडब्रेक आवळले असते तर ती थांबली असती का, हे मी स्वतःला विचारून पाहिलं. तिथे कुणी नव्हतंच.

पुढची पंधरा-सोळा मिनिटं. 11.6 किलोमीटर. वेग वाढत जातो. गावाजवळ येईपर्यंत तो ताशी 105 किलोमीटर झाला आहे. गावातल्या वळणावर मालगाडीने त्याच्या पाव वेगाने जायचं असतं.

पहाटे 1:15 (इतवारीत पावणेअकरा). फ्रोंतनाक रस्त्याजवळच्या वळणावर गाडी रुळावरून उतरते. 72 पैकी 63 टाक्या एकमेकींवर चढतात. बहुतेक फुटतात. सुमारे 60 लाख लिटर तेल काही मिनिटांत बाहेर येतं आणि जवळपास लगेच पेटतं. तेल उतारावरून रस्त्याने, गटारांतून, तळघरांतून तलावाकडे वाहत जातं. आग त्याच्या सोबत जाते.

गच्चीवर उभे असलेले काहीजण पळू शकले. आत असलेले नाही. मृतांतले सुमारे 30 म्यूझी-काफेतले होते. बाकीचे आसपासच्या घरांत झोपलेले होते.

1:15 नंतर. हॉटेलात झोपलेला चालक आवाजाने जागा होतो, बाहेर येतो. गाव पेटलं आहे हे तो कंट्रोलला फोन करून कळवतो. ती गाडी आपली आहे हे त्याला ठाऊक नाही. ती वर नांतला बांधलेली आहे, असंच तो धरून चालला आहे. पुढच्या एका फोनवर त्याला सांगतात.

सकाळ. मागच्या नऊ टाक्या घसरल्या नव्हत्या. त्या आगीपासून ओढून दूर नेल्या जातात. क्वेबेक आणि सीमेपलीकडच्या मेन राज्यातून बंब येतात. सुमारे 80 गावांचे 1,000 जवान. आग पूर्ण विझायला दोन दिवस जातात. 2,000 लोकांना घरं सोडावी लागतात. 40 इमारती, 53 वाहनं जळतात. 1,00,000 लिटरच्या आसपास तेल तलावात आणि शोदिएर नदीत जातं. नदीकाठच्या खालच्या गावांना पिण्याच्या पाण्यासाठी दुसरीकडे बघावं लागतं.

मृत 47. पाचजणांच्या देहाचा काहीही भाग सापडला नाही.

ऑगस्ट 2013. कंपनी दिवाळखोरीत.

डिसेंबर 2013. गावातून पुन्हा मालगाडी जाते.

19 ऑगस्ट 2014. कॅनडाच्या वाहतूक सुरक्षा मंडळाचा अहवाल. कारणं एक नाही, 18 सांगितली आहेत. चिकट पदार्थ, सात हँडब्रेक, चुकीची चाचणी, वायरिंग, एकटा चालक, पातळ टाक्या, चुकीचा गट, कंपनीच्या कामाची पद्धत, सरकारी खात्याची ढिली तपासणी. अठरातलं कुठलंही एक कारण त्या रात्री नसतं, तर बाकीच्या सतरांना गाडी गावापर्यंत नेणं जमलं असतं का, हे सांगणं कठीण आहे.

19 जानेवारी 2018. चालक, कंट्रोलर आणि व्यवस्थापक यांच्यावर 47 जणांच्या मृत्यूस कारणीभूत झालेल्या गुन्हेगारी निष्काळजीपणाचा खटला चालला होता. ज्यूरीने तिघांना निर्दोष ठरवलं. मला तो निकाल बरोबर वाटतो. कोर्टात तीन माणसं उभी होती. अहवालात अठरा कारणं होती.

25 फेब्रुवारी 2024, रविवार, सकाळी साडेसातच्या सुमारास. जम्मूमधलं कठुआ स्टेशन. मालगाडी उभी करून चालक खाली उतरलेला आहे. स्टेशनला पंजाबच्या बाजूला उतार आहे. गाडी सरकते. इंजिनात कुणी नाही. वाटेतली फाटकं फोन करून-करून बंद करवली जातात. प्लॅटफॉर्मवरच्या लोकांनी मोबाइलवर काढलेल्या चित्रफितींत ती धडधडत निघून जाताना दिसते. 70 किलोमीटरहून जास्त अंतर तोडल्यावर नऊच्या सुमारास होशियारपूर जिल्ह्यात, उंची बस्सीजवळ, रुळांवर लाकडी ठोकळे टाकून तिला थांबवतात.

53 डबे होते. डब्यांत गिट्टी होती.